कुंपण शाबूत, उंदीर गायब

१

"चोरीला काय गेलंय म्हणालात?" राउहा निस्कालाने रेडिओ बंद करत पुन्हा विचारलं.

"उंदीर," फोनवरचा विद्यापीठाचा माणूस म्हणाला. त्यालाही ते बोलताना कसंसंच होत असावं. "म्हणजे चोरीला गेलेत का, तेच तर शोधायचंय. काहींचं म्हणणं आहे, ते मुळात नव्हतेच."

राउहाची सगळी नोकरी फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलंडच्या पोलिसात गेली होती. रेनडिअर पळवणारे, बर्फगाड्या चोरणारे, एकदा तर चर्चची घंटा लांबवणारा एक इसम तिने पकडला होता. उंदीरचोर तिच्या वाट्याला अजून आला नव्हता. निवृत्तीनंतर काचघरात टोमॅटो लावून तिचे दिवस बरे चालले होते, पण टोमॅटो काही उलटं उत्तर देत नाहीत. ती गाडी काढून निघाली.

कारहुसेल्काचा संशोधन तळ म्हणजे तळ्याकाठची चार लाल लाकडी घरं. इथली माणसं आखूड शेपटीच्या रानउंदरांची शिरगणती करतात. या उंदरांचं गणित विचित्र आहे. दोन-तीन वर्षं ते वाढत जातात, इतके की पाय ठेवाल तिथे पळापळ. मग एखाद्या हिवाळ्यात असे नाहीसे होतात की शोधून सापडत नाहीत. का होतात, यावर इथे भांडणं करतच माणसं म्हातारी झाली. कोणी म्हणे त्यांना वीझल खातं, म्हणजे तो मुंगसाच्या तोंडवळ्याचा, दोरीसारखा बारीक शिकारी प्राणी. कोणी म्हणे रोग पडतो.

यंदाचं वर्ष नाहीसं होण्याचं होतं. बर्फ वितळला तेव्हा जंगल रिकामं होतं. पण पिह्ला कोर्वा नावाच्या मुलीने डॉक्टरेटसाठी एक मोठं कुंपण उभारलं होतं. गुळगुळीत पत्र्याच्या, जमिनीत खोल गेलेल्या भिंती आणि वरून जाळं. वीझल आत येऊ नये, घुबडाने झडप घालू नये आणि उंदरांनी बाहेर जाऊ नये. मे महिन्यात कुंपण उंदरांनी भरलेलं होतं, असं पिह्लाने लिहिलं होतं.

जूनच्या मोजणीत तिने सापळे उघडले, तर सगळे रिकामे.

"आणि मे महिन्यात ते पाहिले कुणी?" तळाचे प्रमुख प्रोफेसर ओस्मो सारेला यांनी राउहाला जेवणाच्या टेबलावरच विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "मी तेव्हा हेलसिंकीत शिकवत होतो. आपला स्वीडिश पाहुणा एकब्लाड आला नव्हता. होती ती एकटीच. जनावरं नसताना आकडे लिहिणारी ती काही पहिली नव्हे."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या पिह्लाने सूपचा चमचा खाली ठेवला. ती रडली नाही. नुसती उठून बाहेर गेली.

"ओस्मो, जिभेला काही हाड?" पलीकडून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला. "ही पोरगी खोटं बोलणार नाही. मी शाळेत शिकवलंय तिला."

हे आउलिस कोंतिओ. गावातल्या शाळेचे निवृत्त शिक्षक. जंगलात घुबडांसाठी पेट्या टांगणं आणि पिल्लांच्या पायांत कड्या घालणं हा त्यांचा नाद. पगार नव्हता, पण तळावर त्यांची खुर्ची ठरलेली होती.

"शुक्रवारी विद्यापीठात बैठक आहे," प्रोफेसर राउहाला म्हणाले. "तोवर उंदीर दाखवा, नाहीतर तिला जावं लागेल."

२

कुंपणाकडे जाताना डासांनी राउहाला फोडून काढलं. पिह्लाला मात्र डास चावतायत याचं भानच नव्हतं.

"तुमचाही विश्वास नाही ना?" तिने विचारलं.

"विश्वास ठेवायला मला बोलावलेलं नाही," राउहा म्हणाली. "दार दाखव."

पत्रा कुठे वाकला नव्हता. जाळं कुठे फाटलं नव्हतं. खाली कुणी उकरलं नव्हतं. दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि त्याचा आकडा तळावर सगळ्यांना ठाऊक होता, कारण तो दाराच्याच आतल्या बाजूला खडूने लिहिलेला होता.

"वीझल आत आलं असतं तर काय दिसलं असतं?"

"विष्ठा. रक्त. बिळात साठवलेली मढी. ते खाण्यापेक्षा जास्त मारतं. आणि आधी बिळात घुसून पिल्लांचा फडशा पाडतं."

"इथे पिल्लं आहेत?"

पिह्लाने गवत बाजूला केलं. बोटाच्या पेराएवढी दोन पिल्लं अंग चोरून पळाली. "हीच तर गंमत आहे. बिळांत पोरकी पिल्लं मरून पडलीत. थोडी मोठी झालेली अशी हिंडतायत. आणि एक म्हातारी मादी उरलीय. सगळ्या मोठ्यांसारखा तिच्याही कानात माझा आकड्याचा बिल्ला आहे. लबाड आहे, सापळ्यात कधी शिरत नाही, मी हाताने पकडली होती. बाकी मोठं कुणी नाही."

राउहा ओल्या गवतात बसली. सापळे म्हणजे पत्र्याच्या लांबट डब्या. उंदीर आत शिरला की त्याच्या वजनाने दार पडतं, उंदीर जिवंत राहतो. तिने एक डबी नाकाजवळ धरली, मग पालथी करून टिचकी मारली. गवताच्या काड्या पडल्या. त्यांच्यासोबत एक पातळ, वळलेला लाकडाचा छिलका पडला. दुसऱ्या डबीतूनही पडला.

"सापळ्यात तू काय घालतेस?"

"ओट, गाजर आणि थंडी वाजू नये म्हणून वाळलेलं गवत."

"छिलके?"

"कधीच नाही."

राउहाने छिलका रुमालात गुंडाळला. "मग ऐक. पिल्लं इतकी हलकी की त्यांच्या वजनाने दार पडत नाही. म्हातारी सापळ्याला फसत नाही. म्हणजे उरले कोण, तर ज्यांना सापळा पकडू शकत नाही तेच. तुझे उंदीर मेले नाहीत, पोरी. तुझ्याच सापळ्यांनी धरून कुणीतरी ते घेऊन गेलं."

पिह्ला तिच्याकडे बघत राहिली. "पण कुणाला काय करायचेत उंदीर?"

"आणि प्रोफेसर म्हणतील," राउहा पुढे बोलली, "सापळे लावणारी तूच."

३

टोर्केल एकब्लाड हा स्वीडनहून आलेला पाहुणा. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर बसून तो चाकूने बर्चच्या लाकडाचा चमचा कोरत होता. पायाशी छिलक्यांचा ढीग पडला होता. राउहाने त्यातला एक उचलला.

"चमचा हवाय का?" त्याने विचारलं.

"उंदीर हवेत. रोगाने उंदीर मरतात असं तुमचं म्हणणं. वीझल नसताना, खाणं असताना कुंपण रिकामं झालं, म्हणजे तुमची बाजू जिंकली."

एकब्लाड खदखदून हसला. "बाई, माझी बाजू जिंकायला प्रेतं लागतात! रोगाने मेलेला उंदीर जमिनीवर पडतो, कुजतो, वास मारतो. मी तो कापून बघतो आणि जगाला दाखवतो. गायब झालेला उंदीर माझ्या काय कामाचा? मला फसवायचंच असतं तर मी आत मेलेले उंदीर टाकले असते."

हे राउहाला पटलं. तिने रुमालातला छिलका काढून ढिगाशेजारी धरला. चाकूचे छिलके जाड आणि लहानमोठे होते. रुमालातला कागदासारखा पातळ आणि एकसारखा वळलेला होता. तो यंत्रावरच्या रंध्याचा होता.

प्रोफेसर सारेलांच्या खोलीत भिंतभर आलेख होते. वर जाणाऱ्या आणि कोसळणाऱ्या रेघा.

"शिकारी नसला की उंदीर कोसळत नाहीत, हे तुमचंच मत ना?" राउहाने विचारलं. "मग ते कुंपण तुमच्यासाठीच उभं होतं."

"हो."

"ते भरलेलं राहिलं असतं तर तुम्ही खरे ठरला असता. रिकामं झालं तर खोटे. पण ते कधी भरलंच नव्हतं, असं ठरलं तर?"

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही म्हणताय की स्वतःचं मत वाचवायला मी त्या मुलीचा बळी देतोय."

"मी विचारतेय."

"मुद्दाम नाही," ते शेवटी म्हणाले. तिथे आल्यापासून राउहाने ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

उंदीर पळवण्यात त्यांचा तोटाच होता, तेव्हा चोर ते नव्हेत. पण त्यांच्या मनातला त्या मुलीवरचा संशय काढायचा तर पुरावा हातात ठेवावा लागणार होता.

४

स्वयंपाकघरात हेल्का पाव भाजत होती. तळाचं जेवणखाण, साफसफाई, गाडी चालवणं, सगळं तिच्याकडे.

"उंदीर गेले ते बरं झालं," ती ओट्यावर पीठ आपटत म्हणाली. "माझा नवरा उंदीरतापाने मरता मरता वाचला. मूत्रपिंडं गेली होती कामातून. ही शिकलेली माणसं उंदराला बाळासारखं हातात घेतात, आणि मला लाकडाची खोली झाडतानाही तोंडाला फडकं बांधावं लागतं."

"तूच नेलेस की काय?"

"मी? हात लावून?" हेल्काने अंग शहारल्यासारखं केलं. "विष घातलं असतं, विष! जिवंत कोण धरतंय मेल्यांना?"

तेही खरं होतं. विषाने मढी पडली असती. राउहाने वेलदोड्याचा पाव तोडून कॉफीत बुडवला आणि ती गप्प बसली. समोरचा माणूस गप्प बसला की दुसऱ्याला बोलावंसं वाटतं, एवढा अनुभव तिला होता.

"बिचारी पिह्ला," हेल्का पुटपुटली. "यंदाचा वसंतच वाईट. मे महिन्याच्या सुरुवातीला माझ्या गाडीवर घुबड आपटलं. एवढुसं मोतीघुबड. मी ते फडक्यात गुंडाळून आउलिसकडे नेलं. पायात त्यांचीच कडी होती. आकडा वाचला आणि तो म्हातारा मटकन खाली बसला हो. म्हणे, 'हा नर आहे, हेल्का. हा घरचा कर्ता होता.' मला इतकं अपराधी वाटलं."

राउहाने कॉफीचा कप खाली ठेवला.

एकब्लाडला मेलेले उंदीर हवे होते. हेल्काला सगळेच मेलेले चालले असते. प्रोफेसरांना ते कुंपणातच हवे होते. मग जिवंत उंदीर, रोजच्या रोज, कुणाला लागत होते?

ती बाहेर आली. अंगणात आउलिस आपल्या जुन्या गाडीत शिडी चढवत होते.

"घुबडं बघायला चाललात?" तिने विचारलं.

"हो, चला की!" म्हातारा खुलला. "यंदा माझ्या सगळ्या पेट्या रिकाम्या. उंदीर नाहीत तर घुबड अंडी कशाला घालील? पण एका पेटीत चार पिल्लं आहेत, चार! अशी गुबगुबीत की बघत राहाल."

गाडीच्या मागच्या बाजूला एक पोतं होतं. पोत्याचं तोंड उघडं होतं, आणि आत पातळ, एकसारखे वळलेले लाकडाचे छिलके होते.

५

पेटी एका जुन्या पाइनवर, छपराएवढ्या उंचीवर टांगलेली होती. तिथून कुंपणाचा पत्रा झाडांतून चमकताना दिसत होता. आउलिसनी शिडी लावली, पोतं खांद्यावर घेतलं आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने वर गेले. त्यांनी पेटीत मूठभर छिलके सोडले. आतून चोची वाजल्या.

"हे कशाला?" राउहाने खालून विचारलं.

"पेटीत अंथरूण घालावं लागतं. मोतीघुबड घरटं बांधत नाही."

"ते अंडी घालायच्या आधी ना? पिल्लं तर उडायला आलीत."

आउलिसनी पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं. "घाण फार होते," ते म्हणाले.

"खाली या, सर. मी चढते."

"पिल्लं चोच मारतील. शिडी डगमगते. तुमचं वय..."

"तुमच्यापेक्षा कमीच आहे."

ते उतरले. राउहा चढली. पेटीत राखाडी पिसांचे चार गोळे एकमेकांना चिकटून बसले होते आणि आठ पिवळे डोळे तिच्याकडे रोखून बघत होते. तिने हातमोजा घातला आणि त्यांच्या पोटाखालून, ताज्या छिलक्यांच्या खालून, तळाशी हात घातला. तिथे जुना थर घट्ट बसला होता. घुबडं न पचलेलं ओकून टाकतात. केस आणि हाडांचे गोळे. तिने त्यातले काही उचलले आणि खिशात घातले.

खाली येऊन तिने एक गोळा तळहातावर चुरडला. केस निघाले, दोन इवलीशी जबड्याची हाडं निघाली. मग तांदळाच्या दाण्याएवढा एक धातूचा बिल्ला निघाला. त्यावर आकडा होता.

दुसऱ्या गोळ्यातही बिल्ला होता.

आउलिस झाडाला टेकून उभे होते. त्यांनी ते बघितलं आणि नजर वळवली.

"जंगलात उंदीर नाहीत," राउहा सावकाश म्हणाली. "या पिल्लांचा बाप हेल्काच्या गाडीखाली गेला. आई एकटी, समोर रिकामं जंगल, आणि तरी पिल्लं गुबगुबीत. मला उंदरांतलं काही कळत नाही, पण घरात कमावणारा नसताना पोरं धष्टपुष्ट दिसली तर मी विचारते, सामान कोण आणून देतं?"

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"पहिल्या दिवशी एकच नेला," ते म्हणाले. "मादी पिल्लांवर बसून होती. तीन दिवस उपाशी. मी इथेच उभा होतो, आणि तिथे, हाकेच्या अंतरावर, कुंपणात शेकड्याने पळत होते. एकाने काय होतंय, म्हटलं."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं."

"आणि छिलके सापळ्यात कसे गेले?"

"पहाटे थंडी असायची. उंदरांना गारठा लागू नये म्हणून मूठभर टाकायचो." हे सांगताना त्यांना स्वतःलाच त्यातला विरोध कळला असावा, ते थांबले. "वाटलं होतं, ते भराभर वाढतात, भरून निघेल. पण सापळ्यात आधी येते ती दूध पाजणारी मादी. तिला भूक जास्त. ती नेली की बिळातली पिल्लंही जातात. मी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं, आणि फळ्यावर लिहिलेलं माझ्याच डोक्यात शिरलं नाही."

"ते मी समजू शकते," राउहा म्हणाली. "दुसरं समजत नाही. ओस्मो तिला खोटारडी म्हणाला तेव्हा तुम्ही टेबलावर होतात. उंदीर खरे होते याचा पुरावा तुमच्या पेटीत पडलेला होता. आणि तुम्ही आज त्यावर छिलके टाकायला आलात."

झाडावर पिल्लं भुकेने चोच वाजवत होती.

६

दुपारी सगळे टेबलाभोवती जमले. राउहाने बिल्ले एका बशीत ठेवले आणि पिह्लासमोर सरकवले. पिह्लाने एकेक उचलून आकडा वाचला, तिच्या यादीशी ताडला आणि दर वेळी बशी प्रोफेसरांकडे वळवली. काही बिल्ल्यांनंतर प्रोफेसर म्हणाले, "पुरे."

"नाही," पिह्ला म्हणाली. "सगळे बघा."

त्यांनी सगळे बघितले. मग ते उभे राहिले, जाकिटाचं बटण लावलं, जसं भाषणाआधी लावतात, आणि म्हणाले, "मी तुमच्यावर आरोप केला तो चुकीचा होता. शुक्रवारी बैठकीत मी हे स्वतः सांगेन." माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला जमेल तितकं ते नीट होतं.

"पण कुठून मिळाले हे?" एकब्लाडने विचारलं.

राउहाने आउलिसकडे बघितलं. तिने नाव घेतलं नव्हतं. गाडीत येताना तिने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मी सांगितलं तर तो तपास होईल. तुम्ही सांगितलंत तर निदान तुमचं बोलणं होईल.

आउलिस उभे राहिले नाहीत. बसल्या जागी, टेबलाच्या लाकडाकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. नर घुबडापासून आजच्या छिलक्यांपर्यंत. कुठेही त्यांनी स्वतःला सावरून घेतलं नाही. हेल्काने मध्येच तोंडावर हात ठेवला. एकब्लाड चमचा कोरायचा थांबला.

"ही तर पोलिसांत द्यायची गोष्ट आहे," प्रोफेसर म्हणाले. "तीन वर्षांचं काम गेलं."

"काम माझं गेलंय," पिह्ला म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, पण आवाज स्थिर होता. ती आउलिसकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं, मला काढणार आहेत ते?"

"हो."

"रोज इथे जेवायला येत होतात. माझ्या शेजारी बसत होतात."

"रोज ठरवून येत होतो की आज सांगायचं," म्हातारा म्हणाला. "आणि दर दिवशी कालपेक्षा अवघड होत गेलं."

"तक्रार करणार नाही मी," पिह्लाने प्रोफेसरांना सांगितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे वळून, "पण सर, तुम्ही या तळावर परत येऊ नका. पिल्लं उडेपर्यंत पेटीशी जा. त्यांना काय द्यायचं ते दुकानातून आणा. नंतर नको."

आउलिसनी मान हलवली. त्यांनी आपली टोपी घेतली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही विरला. शेवटी हेल्काने उठून सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

७

शुक्रवारी प्रोफेसरांनी शब्द पाळला. पिह्लाची जागा राहिली आणि काम पुन्हा करायला मुदत मिळाली. कुंपणात नव्याने उंदीर सोडायचे तर आधी जंगलात ते उगवायला हवेत. त्याला वर्ष लागेल, कदाचित दोन. एकब्लाड स्वीडनला परतला.

राउहाने महिनाअखेरीस तळावर एक चक्कर मारली. अहवालावर सही हवी होती, आणि खरं म्हणजे काचघराचा तिला कंटाळा आला होता. परतताना पिह्ला गावापर्यंत तिच्यासोबत गाडीत आली.

"मी तिसरीत होते," पिह्ला अचानक म्हणाली. "सरांनी वर्गात एक रानउंदीर आणला होता. माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, हलू नकोस, त्याला वाटू दे की तू जमीन आहेस. मी श्वाससुद्धा घेतला नाही. त्या दिवशीच ठरलं माझं काय ते."

राउहाने गाडीचा वेग कमी केला.

"काल ते भेटले दुकानात. म्हणाले काही नाही. टोपी काढली फक्त. मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले."

"राग जाईल असं वाटतं?"

पिह्लाने खिडकीबाहेर बघितलं. पाइनची झाडं मागे पळत होती.

"परवा त्या पेटीपाशी गेले होते," ती म्हणाली. "चारही पिल्लं बाहेर आली होती. फांदीवर ओळीने बसली होती. एक उडालं, पडता पडता सावरलं आणि दुसऱ्या झाडावर गेलं. मी तासभर उभी होते तिथे." ती थांबली. "इतकी सुंदर होती हो ती. तेच मला सहन होत नाही."